कांद्यावरचं चाक

माझं चाक फिरत नव्हतं आणि माझ्या बायकोचं फिरत होतं, एवढीच खरी गोष्ट आहे. बाकीचं लोकांनी पदरचं घातलं. वत्सलाच्या अंगात आलंय, उत्तरेश्वरनं तिला मंत्र दिलाय, त्रिंबकच्या दारात आता रांग लागणार. त्रिंबक म्हणजे मी. रांग लागायला आधी दार लागतं, आणि आमच्या दाराला तर तेव्हा कुलूप होतं. आम्ही नवरा-बायको दोन बैल आणि एक म्हैस घेऊन जनावरांच्या छावणीत राहत होतो.

त्या साली दसऱ्यालाच विहिरींचे तळ उघडे पडले. आम्ही दिवाळी आटोपली की ऊस तोडायला बाहेर पडणारी माणसं, पण त्या साली तोडायला ऊसच नव्हता आणि कारखान्याची चिमणी पेटलीच नाही. तेव्हा गावच्या दूध सोसायटीनं दिंद्रुडच्या रस्त्याला छावणी उघडली. चेअरमन अर्जुनराव. जनावरासोबत घरचं माणूस राहिलं पाहिजे असा नियम होता. पोरगी लग्न होऊन गेलेली, म्हणून आम्ही दोघंही तिथंच मुक्कामाला आलो. हिरव्या जाळीचे मांडव, त्यात जनावरांच्या रांगा, आणि जनावरांच्या डोक्याशी आमच्या चुली. सकाळी चारा मिळायचा, दिवस कलताना पेंड आणि टँकरचं पाणी. मधला सगळा दिवस मोकळा. जन्मभर राबलेल्या माणसांना एकाएकी मोकळा दिवस दिला तर ती काय करणार? पत्ते कुटून झाले, भांडणं झाली, एकमेकांच्या म्हशींना नावं ठेवून झाली.

तेवढ्यात उत्तरेश्वरनं हे खूळ काढलं. उत्तरेश्वर माझा चुलतभाऊ. अंबाजोगाईला कॉलेजात होता, शेवटचं वर्ष अर्धवट टाकून परत आला. सोसायटीनं त्याला चारा वाटायला ठेवला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि हातात हा एवढा मोबाईल. चारा वाटतानाही केस बसवायचा. एक दिवस त्यानं आम्हाला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक टकला माणूस टेबलावर कागदाचं चाक ठेवून बसला होता, आणि हात न लावता ते फिरवत होता.

"नुसत्या मनानं," उत्तरेश्वर म्हणाला. "याला सायकोकायनेसिस म्हणत्यात. कुणालाबी जमतं. फकस्त रोज बसाया पायजे."

"याच्यानं पाऊस येतो का?" शेजारच्या मांडवातल्या दगडाबाईनं विचारलं.

"मावशे, आदी कागद तर हालव."

ते नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला मनफिरकी म्हणू लागलो. वहीचा चौकोनी कागद घ्यायचा, घड्या घालून त्याला छोट्या छत्रीसारखा आकार द्यायचा. अर्धा कांदा पालथा ठेवून त्यात गोधडीची सुई उभी खोचायची आणि तिच्या टोकावर तो कागद तोलायचा. वारा लागू नये म्हणून भोवती पेंडीच्या पोत्यांचा आडोसा. मग दोन्ही तळवे कागदाच्या दोन बाजूंना धरायचे, लावायचे नाहीत, आणि मनात म्हणायचं, फिर.

व्हिडिओत नव्हती अशी एक गोष्ट आम्ही आमची घातली. आमच्याकडे असल्या कुठल्याही कामाला बसायचं तर हातपाय धुऊन बसायचं. दगडाबाईनं तसं सांगितलं आणि उत्तरेश्वरलाही ते पटलं. मार्गशीर्ष लागलेला, थंडी कडक, आणि टँकरचं पाणी टाकीत पडून गारठलेलं. हात घातला की बोटं बधिर व्हायची. तरी सगळे धुवायचे. मी तर कोपरापर्यंत धुवायचो, आणि चाक हललं नाही तर उठून पुन्हा धुऊन यायचो. कसूर ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

कारण ते माझ्याच हातात पहिलं फिरणार, याबद्दल मला शंका नव्हती. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मागून मोळी बांधते. आमच्या कोयत्यात हात माझा होता. माझ्यासारखा बुडातून, एका घावात ऊस तोडणारा आमच्या टोळीत दुसरा नव्हता. मुकादम मला आधी धरून ठेवायचा तो या हातासाठी. वत्सला मोळ्या बांधायची. चांगल्या बांधायची, पण मोळी कुणीही बांधतं.

एका संध्याकाळी आम्ही सात-आठ जण कांदे मांडून बसलो होतो. वत्सला शाल गुंडाळून उशिरा आली. टाकीपाशी जाऊन तिनं बोटांची टोकं तेवढी बुडवली.

"नीट धू की," मी म्हणालो.

"पाणी लई गार हाय," ती म्हणाली आणि बसली. तिनं हात धरले. थोड्या वेळानं तिचा कागद थरथरला, मग एका बाजूला कलला, आणि सावकाश फिरायला लागला. थांबतच नव्हता.

"वैनी, फिरलं," उत्तरेश्वर कसाबसा म्हणाला. त्याचा स्वतःचा कागद तोवर कधी हलला नव्हता.

"वारं हाय," मी म्हणालो.

लोकांनी आणखी पोती आणून लावली. दगडाबाईनं पदर आडवा धरला. चाक पुन्हा फिरलं. वत्सला माझ्याकडे बघून हसली. मी काही हसलो नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. हात न धुता बसलेली बाई, जिला कोयता धरता येत नाही, तिच्या हातात फिरतं आणि माझ्या हातात मढ्यासारखं पडून राहतं. हा कुठला न्याय?

त्या दिवसापासून छावणीत वत्सलाचा भाव वाढला. बाया तिच्यासमोर येऊन बसायच्या. कुणी आजारी वासरू दाखवायला आणायचं. मला लोक "वत्सलाबाईचे मालक" म्हणायला लागले. आमच्या टोळीत तिला इतकी वर्षं "त्रिंबकची बायको" म्हणत आले, त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. मला मात्र वाटलं.

आणि मी आंधळा नव्हतो. दिवसा ती हात धरून बसायची तेव्हा चाक हलायचं नाही. संध्याकाळ झाली की फिरायचं. संध्याकाळी तिथं नवीन कोण असायचं? पेंड वाटून झाली की उत्तरेश्वर यायचा, तिच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढायचा. "वैनी, आता उलटं फिरवा." "वैनी, डोळे मिटून." तो आला की हिचं चाक फिरणार. मला जे समजायचं ते मी समजलो.

आणखीही गोष्टी होत्या. दिवस मावळला की तिच्या गालांवर लाली चढायची, डोळे चमकायचे. दगडाबाई म्हणायची, तेज आलंय. लग्नाच्या वर्षीही मी असलं तेज पाहिलं नव्हतं. ताटातली अर्धी भाकरी ती म्हशीपुढे टाकायची. दगडाबाई म्हणायची, साधनेला बसलेल्या बाईला अन्न गोड लागत नाही. ती वाळत चालली होती आणि लोकांना त्याचंही कौतुक. खोकत होती, पण चाऱ्याच्या धुळीनं छावणीत कोण खोकत नव्हतं? मग एक दिवस तिनं आपली गोधडी उचलली आणि मांडवाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन टाकली.

"कावून?" मी विचारलं.

"माझ्या खोकल्यानं तुमची झोप मोडती. आन मला घाम येतो लई."

या थंडीत घाम. मी म्हणालो, "बरं हाय. झोप तिकडं." त्यानंतर मी तिच्या अंगाला हातच काय, तिच्या ताटालाही हात लावला नाही. रुसलो होतो, आणि रुसायचा मला हक्क होता.

मी एकटा सराव करायला लागलो. म्हशीच्या मागे, कुणी बघणार नाही अशा जागी. आधी टाकीवर हात धुवायचे, घासून, नखांतली घाण काढून, मग बसायचं. कागदाकडे बघून बघून माझे डोळे फुटायची वेळ आली. मनात 'फिर, फिर' म्हणता म्हणता मी शिव्याही दिल्या. कागद हलला नाही. म्हैस मात्र मागं वळून बघायची.

पौषात सोसायटीची सभा छावणीतच भरली. अर्जुनरावांनी कनाती लावून स्टेज घातला, पाहुणे बोलावले. वत्सलाचं चाक त्यांच्या कानावर गेलं होतंच. ते स्वतः आमच्या मांडवात आले.

"त्रिंबक, तुझ्या मंडळींनी सभेत ते करून दाखवायचं. आपल्या छावणीचं नाव होईल. तू पन बस की समोर."

तू पन बस. मी दूध घातलेला सभासद, बैल माझे, म्हैस माझी, आणि मी पण बसायचं.

सभा सकाळची. वत्सलाला नवीन साडी नेसवून दगडाबाईनं स्टेजवर नेलं. टेबलावर कांदा, कांद्यावर चाक. उत्तरेश्वर माईकवर मनाच्या शक्तीबद्दल बोलला, मुद्दाम शुद्ध बोलला, आणि बोलताना एकदा माझी नजर बघून अडखळला. मग तिनं हात धरले. चाक हललं नाही. लोक वाट बघत राहिले. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलायला लागले. मागून कुणीतरी शिट्टी मारली, मग हशा पिकला. शेवटी अर्जुनरावांनी माईक घेतला आणि म्हणाले, "बाई दमलेल्या आहेत, पुढचा विषय घेऊ."

खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात नाचत होतो. सगळ्या छावणीदेखत तिचं पितळ उघडं पडलं होतं. उत्तरेश्वरनं तिला हाताला धरून खाली उतरवलं, पाण्याचा पेला पुढे केला. तेही मी बघितलं आणि गाठीला बांधून ठेवलं.

त्या दिवशी दुपारभर ती पडून होती. मी वैरण टाकली, जनावरांना पाणी दाखवलं, तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दिवस मावळायला आला तसा मी मांडवात आलो. ती पोत्यांच्या आडोशाला उठून बसली होती. पुढ्यात कांदा होता आणि चाक फिरत होतं. कधी नव्हे इतकं जोरात.

मी इकडेतिकडे पाहिलं. उत्तरेश्वर नव्हता. सभेतल्या फजितीबद्दल खरडपट्टी काढायला चेअरमननं त्याला सोसायटीत बसवून ठेवला होता. म्हणजे त्याचा काही संबंध नव्हता. चाक तिचंच होतं, एकटीचं. ते मला जास्त झोंबलं. भाऊबंदाला चार शिव्या घालता येतात. देवानं तिला दिलं आणि मला दिलं नाही, तर शिव्या कुणाला घालायच्या?

"सकाळी कुठं गेलती तुझी शक्ती?" मी म्हणालो.

"मला काय म्हाईत. सांजचंच येतंय ते." तिचा आवाज बसला होता. "तुमी बसा की. बगा तरी. ह्ये मी मुद्दाम करीत न्हाई."

"बास झालं," मी म्हणालो, आणि ते हात चाकापासून ओढून काढायला तिची दोन्ही मनगटं धरली.

तव्यावरची भाकरी उचलावी तसं झालं. मी सोडून दिली आणि पुन्हा धरली. मग गळ्याला हात लावला, पाठीला लावला. शालीखाली ती नुसती पेटली होती. मघाशी जोरात फिरणारं चाक, मी तिचे हात बाजूला ओढल्यावर थांबलं होतं.

मी सोसायटीकडे पळालो आणि उत्तरेश्वरला मोटारसायकलीसकट आणलं. तिला मध्ये बसवलं, मी मागे धरून बसलो. अंबाजोगाईपर्यंत तिचं डोकं उत्तरेश्वरच्या पाठीवर होतं. त्या वेळी त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं, थोडं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "ताप कधीपासून येतोय?"

वत्सला म्हणाली, "मला ताप हाय ह्येच म्हाईत नव्हतं."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "मार्गशीर्ष लागला तवापासून. रोज सांजच्याला चढतो. दिवसा नसतो."

"इतकं लक्ष ठेवलंत, मग आणायला एवढा उशीर का केला?"

 महिनाभर तिच्या तापावर जेवढं बारीक लक्ष मी ठेवलं होतं तेवढं कुणाच्या आईनंही ठेवलं नसतं. फक्त तो ताप आहे हे मला ठाऊक नव्हतं. उत्तरेश्वर बाहेर जाऊन उभा राहिला.

छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय निघाला. औषधं सुरू झाली. गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, पण बाई बरी होईल, असं डॉक्टरीण म्हणाली. तिनं मलाही तपासलं. मी ठणठणीत निघालो.

उत्तरेश्वर परत गेला. मी दवाखान्यातच राहिलो. एका सकाळी ती झोपली होती आणि मी व्हरांड्याच्या खिडकीत चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो होतो. खिशात घडी केलेला चाकाचा कागद होता, सुई सदऱ्याला टोचलेली. काय मनात आलं कोण जाणे, शेजारच्या बाईकडून अर्धा कांदा मागून घेतला आणि चाक मांडलं. हात धरले. चाक फिरलं.

 आलं. अखेर माझ्या हातात आलं. आत बायको सलाईन लावून पडलेली आणि मी बाहेर खिडकीत दात काढत बसलो होतो. आता छावणीत जातो आणि दाखवतो एकेकाला, असा विचारही करून झाला. तेवढ्यात चाक मंदावलं आणि थांबलं. मी ग्लास पुन्हा हातात धरला, तो अजून गरम होता. तळवे शेकले, चाकाला धरले. फिरलं. तळवे निवले, थांबलं. मग मी नळावर हात धुऊन आलो, आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, कोपरापर्यंत. कागद जागचा हलला नाही.

 चहा गार झाला होता तो तसाच प्यायलो.

माघात आम्ही छावणीत परतलो. ताप उतरला होता, ती दोन वेळा जेवायला लागली होती. गालांवरची लाली गेली. आजाराच्या धास्तीनं असेल, बाया पहिल्यासारख्या तिच्याभोवती जमेनात. उत्तरेश्वर लांबूनच विचारपूस करायचा. लोक मला पुन्हा त्रिंबक म्हणायला लागले. जे मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं.

पण संध्याकाळ झाली की ती कांदा मांडून बसायची. हात धरायची आणि वाट बघायची. चाक उभं. दिवस बुडून कागद दिसेनासा झाला की उठायची. एकदा चुलीला फुंकर घालता घालता म्हणाली, "जलमात एकच गोष्ट मला माझी म्हनून आलती. ती बी गेली."

मी चुलीत लाकूड सारलं. पण ते ऐकून मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बसली तेव्हा मी चुलीवर तळवे चांगले चटके बसेपर्यंत शेकले आणि जाऊन तिच्या समोर बसलो. तिला सगळं समजावून सांगायचं असं मनात होतं. त्याच्याही आधी, एकदा तिनं माझ्या हातात फिरलेलं बघावं, हेही मनात होतं. मी हात धरले. चाक फिरलं.

वत्सलानं चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती हसली नाही. तिनं ओठ आवळले आणि तिची नजर माझ्या हातांवर खिळली. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. महिनाभर म्हशीच्या मागे तोच माझ्या तोंडावर होता.

"तुमचं फिरलं," ती म्हणाली. "माझं गेलं आन तुमाला आलं."

"मला कायबी आलं न्हाई. हात शेकून आलोय. ह्ये बग." मी तिचा हात माझ्या तळव्यावर ठेवला. "गरम हाताला फिरतं ह्ये. आमी टाकीत धुऊन बसायचो, आमचं कसं फिरंल? तुजं फिरायचं ते..."

 तिनं स्वतःच पुरं केलं. "ते तापानं."

"व्हय."

 मला वाटलं, आता रडते. पण ती उठली, चुलीपाशी गेली आणि दोन्ही हात जाळावर धरले. भाकरी थापून थापून तिच्या तळव्यांना जाळाची सवय, मला सोसवलं नसतं इतका वेळ तिनं धरले. मग येऊन बसली आणि हात कागदाशी नेले. चाक फिरलं, माझ्यापेक्षा जोरात. सुईवरून उडतंय की काय असं वाटलं. ती हसायला लागली आणि तिचे गाल लाल झाले.

खरं सांगतो, मला पुन्हा तसंच झोंबलं. शेकूनही तिचंच जोरात फिरणार.

मग माझी नजर त्या लाल गालांवर गेली. जाळाचे लाल की कशाचे, ते बघून कळत नव्हतं. मी पुढे सरकलो आणि तिच्या कपाळाला उलटा हात लावला, मग गळ्याला लावला.

"आता काय झालं?" ती म्हणाली. हात तिनं हलवले नव्हते, चाक चालूच होतं.

कपाळ गार होतं.

"काय न्हाई," मी म्हणालो. "फिरव."